सुजाताचं कार्ड होऊ न देणारा कॉम्प्युटर

सगळ्यात आधी सांगून टाकतो... मी असल्या गोष्टी मानत नाही. भूत, भानामती, अंगात येणं, नजर लागणं — काही म्हणजे काही नाही. आमच्या वडिलांनी धम्म स्वीकारला त्या वेळी घरातले टाक, गंडे-दोरे, उतारे सगळं बाहेर काढलं. ते परत उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, एवढी एकच इस्टेट त्यांनी माझ्या हवाली केली. ती मी सांभाळली. गल्लीत कुणी पोराला नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळायला लागलं, की मी तिथं जाऊन उभा राहायचो आणि म्हणायचो, "आधी डॉक्टरकडे न्या. मिरच्या भाजीत घाला." लोकांना मी फारसा आवडत नाही. चालायचंच.

लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं मोबाईलवरचं हे पान माझी मुलगी सुजाता वाचायची. विश्वास ठेवून नव्हे, चुका काढायला. मला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मध्येच थांबायची. "पप्पा, ही बाई लिहिते की लाईट गेलेली होती आणि पंखा फिरत होता. अहो, इन्व्हर्टर बसवलाय हे विसरली असेल!" मग आम्ही दोघं हसायचो. त्याच पानाला मी आज लिहितोय.

मी चौथीपर्यंत शिकलोय. जन्मभर लोखंडाचं काम केलं — गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. लिहायची सवय नाही. हे मी कागदावर लिहून दिलं आणि मनीषानं टाईप केलं. मनीषा कोण ते पुढं येईलच. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं. दोन ठिकाणी तिनं "काका, हे काढूया का?" असं विचारलं. काढलेलं नाही.

आम्ही येरवड्यात राहतो. येरवडा म्हटलं की पुण्यातल्या माणसांना तुरुंग आठवतो आणि ती लगेच विचारतात, "आत की बाहेर?" मी बाहेर राहतो. घर स्वतः उभं केलंय. खाली दोन खोल्या, वर एक. पुढच्या खोलीची खिडकी गल्लीत उघडते, आणि त्या खिडकीशी सुजाताचा कॉम्प्युटर. खिडकीचं ग्रिल मी केलंय. मधोमध एक चौकोन मोकळा ठेवलाय, गिऱ्हाईकाला बाहेरूनच कागद आत देता यावा म्हणून. वर पाटी — पत्रिका, कार्डं, फ्लेक्स डिझाईन.

सुजातानं लग्न केलं नाही. का नाही, हे तिला विचारायची हिंमत एका तिच्या आईलाच होती. तिलाही उत्तर मिळालं नाही. बारसं, लग्न, वाढदिवसाचे फ्लेक्स, नगरसेवकाला द्यायची निवेदनं, सगळं ती करायची. आणि माणूस गेल्यावरची कार्डं. आमच्यात माणूस गेला की भंतेजींना बोलावून जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. त्याचं कार्ड नातेवाइकांना वाटतात. त्या कार्डावर गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' असं लावतात. तुमच्याकडे 'कैलासवासी' लावतात ना, तसं. आमच्या वस्तीतली असली सगळी कार्डं गेली कित्येक वर्षं सुजाताच्याच हाताखालून गेली.

मग तिला ताप आला. साधा ताप. "एवढ्याशासाठी दवाखाना कशाला, पप्पा," असं म्हणत स्वतः चालत जाऊन रिक्षात बसली. परत आणली ती...

मनीषा म्हणते, काका, इथं थांबा. थांबतो.

मी रडलो नाही. लोक सांत्वनाला येत होते, गळ्यात पडत होते. मी त्यांना खुर्च्या देत होतो. बायका आत कुसुमजवळ — कुसुम म्हणजे माझी बायको — बसून रडत होत्या. मी बाहेर उभा राहून मांडववाल्याला सांगत होतो की बांबू वाकडा रोवलाय.

भानुदास माझा चुलत भाऊ. विहाराच्या कमिटीत आहे. कार्डाचा मजकूर त्यानंच लिहून आणला.

"दादा, एकदा नजर टाक."

"नेहमी लिहितात तसंच आहे ना? मग झालं."

"नावं तरी बघ. कुणाचं राहायला नको."

"तू बघितलंस ना? मग झालं म्हटलं की."

"बरं. मग चौकातल्या दुकानातून छापून आणतो."

तिथं मात्र मी अडलो. म्हटलं, सुजाताचं कार्ड सुजाताच्याच कॉम्प्युटरवर होईल. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर नाही. अख्ख्या वस्तीची कार्डं तिनं ह्या खिडकीत बसून केली, आणि तिच्या कार्डाला आम्ही दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं?

"पण तो चालवणार कोण?"

"मनीषा चालवेल."

मनीषा सुजाताची शाळेपासूनची मैत्रीण. खराडीला एका ऑफिसात नोकरी करते. लग्नसराईत रविवारी येऊन सुजाताला हात द्यायची. ती संध्याकाळी ऑफिसातून तशीच आली. खुर्चीवर बसली, मग उठली, खुर्चीवरची सुजाताची उशी काढून बाजूला ठेवली, आणि परत बसली. सुजाताचीच एक जुनी कार्डाची फाईल उघडून तिच्यात नावं बदलायला लागली. आमची नावं घातली. वार घातला, विहार घातलं. सुजाताचं नाव घातलं. मग नावाच्या आधी बाण नेला आणि 'कालकथित' टाईप केलं.

शेवटचं अक्षर पडलं आणि पडदा काळा झाला. धूर नाही, आवाज नाही. क्षणभर काळा, मग कंपनीचं चिन्ह, मग परत पहिल्यापासून सुरू.

"रीस्टार्ट झाला," मनीषा म्हणाली. "असू दे काका. जुना झालाय."

पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच झालं. मग ती म्हणाली फाईल खराब असेल. नवीन फाईल केली. सगळा मजकूर नीट उतरला. तो शब्द घातला... काळा. तिनं फॉन्ट बदलून बघितला. शब्द आधी घालून नाव नंतर घातलं. चार-पाच वेळा झालं असेल. कुसुम दारात उभी होती. "अहो, प्लग बघा की," म्हणाली.

प्लग मी बघितला. करंट काय असतो हे मला सांगायला नको, जन्म वेल्डिंग मशीनवर गेलाय. बोर्ड उघडला, स्क्रू आवळले, अर्थिंग तपासलं, वायर बदलली. यूपीएस काढून सरळ जोडला. सगळं ठणठणीत. मनीषानं शब्द घातला. काळा.

दुसऱ्या दिवशी नदीमला बोलावलं. पलीकडच्या रस्त्याला त्याचं रिपेअरिंगचं दुकान आहे. हा कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिलेला, तेव्हापासून तोच बघतो. आल्या-आल्या म्हणाला, "चाचा, टेन्शन घेऊ नका. आपोआप रीस्टार्ट होतो ना? तीनच गोष्टी असतात. गरम होत असेल, पॉवर सप्लाय गेला असेल, नाहीतर रॅम."

"मग तिन्ही बघ."

"तेच बघतोय. तुम्ही जरा बसता का? डोक्यावर उभं राहिलं की मशीन घाबरतं."

"मशीन घाबरतं की तू?"

"मी तर तुम्हाला लहानपणापासून घाबरतो."

त्यानं डबा दारात नेऊन उघडला आणि ब्लोअर मारला. केवढी धूळ निघाली. मग पंख्यात बोट घालून त्यानं काहीतरी ओढून काढलं. लांब केस होता. पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळलेला. सुजाताचे केस लांब होते. नदीम तो केस चिमटीत धरून तसाच बसला. टाकावा की काय करावं, त्याला कळेना. कुसुमनं पुढं होऊन तो त्याच्या हातातून घेतला, स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळला आणि आत निघून गेली.  

मग नदीमनं रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासली. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवीन लावली. पॉवर सप्लाय, ज्याला ते एसएमपीएस म्हणतात, तो अख्खा बदलला. "आता बघा," म्हणाला आणि त्यावर एक मोठा व्हिडिओ लावून ठेवला, मशीनला मुद्दाम ताण देणारा. दुपारभर चालला. एकदाही बंद पडला नाही. नदीम खूश झाला.

संध्याकाळी मनीषा आली. नदीम मुद्दाम थांबलेला. तिनं शब्द घातला. काळा.

"अरे!" नदीम म्हणाला. एवढंच.

मग त्यानं आत कुठंतरी जाऊन एक सेटिंग बदललं. म्हणाला, आता बंद पडताना निळा पडदा येईल, त्यावर कारण लिहिलेलं असतं. पुन्हा घातला. निळा आला नाही, काळाच. मग त्यानं मशीनच्या पोटातली नोंद उघडून वाचली.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, अचानक बंद पडलो."

"ते आम्हाला पण दिसलं. का पडला?"

"चाचा... मशीन म्हणतंय, मला माहीत नाही."

मी म्हटलं, ह्या शब्दातच काही खोट असेल. हा शब्दच त्याला पेलत नसेल. मनीषा म्हणाली, सुजातानं ह्याच मशीनवर शेकडो वेळा टाईप केलाय हा शब्द. तरी मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या नावाला लावून बघ. आता लावायचा कुणाच्या? जिवंत माणसाच्या नावाला कसा लावणार? दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्या लाव."

"काका, काहीतरीच काय!"

"लाव म्हटलं ना. नावानं माणूस मरत असता तर तुझी मैत्रीण..." मी पडद्याकडे बोट केलं. "लाव."

मनीषानं माझं नाव लिहिलं, त्याच्या आधी 'कालकथित' टाईप केलं आणि हात मागं घेतले. काही झालं नाही. पडदा तसाच. खालचा सगळा मजकूर सुजाताच्याच कार्डाचा, फक्त नाव माझं. मी चष्मा लावून वाचलं. बरं दिसत होतं. योग्य दिसत होतं. मी दोघांनाही म्हटलं, "बघा. माझं चालतंय. ह्या मशीनला पण कळतंय की हे असं व्हायला पाहिजे होतं." कुसुम आतून ओरडली, "बंद करा ते! आधी बंद करा!" मनीषानं माझं नाव पुसलं, सुजाताचं घातलं. शेवटचं अक्षर पडलं आणि... तेच.

नदीमनं सामान आवरलं. जाताना म्हणाला, "चाचा, मी घाबरत नाही. पण मला कळत नाहीये."

दोन दिवसांनी भानुदास आला. कार्यक्रमाचा रविवार जवळ येत होता. त्याला मनीषाकडून कळलं होतं. दारात चपला काढता-काढता म्हणाला, "दादा, तिची काही इच्छा राहिली असेल का रे? तिकडं विश्रांतवाडीला एक जण आहे, बघून सांगतो..."

"भानुदास, तू विहाराच्या कमिटीत आहेस."

"मी फक्त..."

"आपल्या बापांनी ते सगळं ह्यासाठी फेकलं काय? तिच्याच कार्यक्रमाला? ती असती तर तुला ह्या खिडकीतून बाहेर ढकललं असतं, ग्रिलसकट."

"मग चौकातून छापू दे ना मला! तुझ्या हट्टापायी पोरीचं कार्ड राहील!"

"राहिलं तर राहिलं."

तो चपला तशाच हातात घेऊन निघून गेला.

आता जे सांगणार आहे ते मनीषानं "काढूया का" म्हणून विचारलं होतं. तो कॉम्प्युटर सुरू होताना एक छोटासा आवाज करतो. आतल्या खोलीत दुपारचा आडवा झालेलो असलो की तो आवाज कानावर यायचा, म्हणजे सुजाता जेवण उरकून कामाला बसली. वर्षानुवर्षं ऐकलेला. त्या आठवड्यात कुसुमचा डोळा लागला की मी पुढच्या खोलीत जाऊन बसायला लागलो. मनीषानं कार्डाची फाईल समोरच ठेवलेली होती, तो शब्द सोडून सगळं पूर्ण. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर होते. एका बोटानं एकेक अक्षर शोधत मी तो शब्द घालायचो. अर्ध्या शब्दाला काही होत नसे. पूर्ण झाला की मशीन बंद पडायचं. आणि मग तो आवाज यायचा.

मला बरं वाटायचं. लाज वाटत नाही सांगायला. ती "नाही" म्हणतेय असं वाटायचं. लगेच मी स्वतःला दरडावायचो... मूर्खा, हे मशीन आहे, तारा आहेत, पत्रा आहे. ती तिथं आहे असं मानलं तर मी तिला जे शिकवलं ते सगळं मोडत होतं. तीच आमच्यात सगळ्यात कडक होती ह्या बाबतीत. आणि नाही मानलं, तर मग ती तिथंही नाही. कुठंच नाही. असा मी त्या खुर्चीत बसायचो, एका बोटानं अक्षरं शोधत.

एकदा मागं बघितलं तर कुसुम उभी.

"किती दिवस करताय हे?"

मी कीबोर्डवरचं बोट काढून घेतलं.

"तुम्हाला ते मशीन नीट व्हायलाच नकोय," ती म्हणाली. "नदीमनं नीट केलं असतं तर तुम्ही त्याला मारलं असतंत." मग ती खाली फरशीवर बसली. "मला तिचं कार्ड पाहिजे. गल्लीतल्या प्रत्येकाचं केलं तिनं. ज्यांनी तिला नावं ठेवली त्यांचं पण केलं. तिचंच नको? माझ्या पोरीचं लोक काय वाचतील? व्हॉट्सअ‍ॅप?"

मी म्हटलं, "चौकातून आणू मग." हे माझ्या तोंडून आलं, माझाच मला विश्वास बसेना. पण कुसुम म्हणाली, "नाही. तुम्ही बोललात ते बरोबर होतं. इथंच होईल. पण होईल!"

त्याच संध्याकाळी भानुदास परत आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "दादा, भांडायला नाही आलो. एक गोष्ट सांगायची राहिली." मनीषाही तेव्हाच आलेली. तो खिडकीशी उभा राहिला आणि कॉम्प्युटरकडे बघत बोलत राहिला, आमच्याकडे नाही.

त्याची आई, म्हणजे माझी चुलती, दोन वर्षांपूर्वी गेली. कार्ड सुजातानंच केलं. भानुदासनं नेहमीप्रमाणे कागदावर मजकूर लिहून आणला आणि ह्या चौकोनातून आत दिला. सुजातानं सगळं टाईप केलं. नावापाशी आली आणि थांबली. कागद बाजूला ठेवला, खुर्ची फिरवली आणि म्हणाली, "भानुकाका, कागदावरचं नको. तोंडानं सांगा. मग मी शब्द घालते."

"काय सांगू? लिहिलंय की त्यात."

"आजी गेली म्हणून सांगा."

"मी चिडलो," भानुदास म्हणाला. "म्हटलं, टायपिंग करतेस की चौकशी? ती नुसती बसून राहिली. मागं दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांना नंतर या म्हणाली. मी बाहेर, ती आत. शेवटी मी म्हटलं... आणि दादा, म्हटलं आणि तिथं ग्रिल धरून रडलो. तोपर्यंत रडलोच नव्हतो. तुझ्यासारखाच खुर्च्या मांडत होतो. मी शांत झाल्यावर म्हणाली, काका, कार्ड हातात पडल्यावर कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं. सगळ्यांनाच ती असं म्हणायला लावायची. मी नंतर विचारलं बऱ्याच जणांना."

मी मनीषाकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं. ती फक्त रविवारी यायची, आणि ही कार्डं काही रविवार बघून येत नाहीत. मलाही माहीत नव्हतं. आत पडून मी तो आवाज ऐकायचो, खिडकीत काय चाललंय ते नाही.

"म्हणून काय?" मी म्हटलं. "आता मी मशीनला सांगायचं?"

"मशीनला नको सांगूस," भानुदास म्हणाला. "आम्हाला सांग. तू अजून कुणालाच सांगितलेलं नाहीस. फोन मी केले. दवाखान्यातला कागद मी घेतला. मजकूर मी लिहिला. तू वाचला पण नाहीस."

मनीषा जाऊन खुर्चीवर बसली. फाईल उघडली. बाण नावाच्या आधी नेला आणि हात मांडीवर ठेवून बसली. वळून माझ्याकडे बघितलं नाही, बरं झालं. कुसुम कॉटच्या कडेवर बसली होती. मी म्हटलं, "पंखा बंद करा, आवाज येतो." पंखा बंद केला. मी म्हटलं, "दार लोटून घ्या." दार लोटलं. मग बंद करायला काही उरलं नाही.

मी हट्टी माणूस आहे. कुणाच्या म्हणण्यानं मी कधी काही बोललो नाही. आणि मनातून मला पक्कं कळत होतं की हे बोललो आणि मशीन चाललं, तर आजवर मी ज्या सगळ्याला हसलो ते सगळं मला हसेल. पण अडत होतं ते तिथं नव्हतं. त्या दोन शब्दांवर अडत होतं. जीभ उचलत नव्हती. कुसुमकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या बोटाला तो केस अजून होता.

मी म्हटलं, "सुजाता गेली."

 मी परत म्हटलं, मोठ्यानं, जसं काही कुणी ऐकलंच नव्हतं, "माझी मुलगी गेली. सुजाता आता नाही. लाव."

मनीषानं लावला.

त्या वेळी मी त्या पडद्याकडे बघत मनात काय म्हणत होतो ते सांगतो. बंद पड. बंद पड म्हणत होतो. आत्ता काळा हो, परत पहिल्यापासून सुरू हो. आयुष्यात कधी कुणापुढं हात जोडले नाहीत, त्या पत्र्याच्या डब्यापुढं मनातल्या मनात जोडले. पडदा तसाच राहिला. 'कालकथित सुजाता' असं लिहिलेलं तसंच राहिलं. मनीषानं प्रिंटचं बटण दाबलं. कागद बाहेर आला, कुसुमनं घेतला. तिला वाचता येत नाही, पण नाव कुठं आहे ते तिला कळलं. तिनं त्यावर हात ठेवला.

मग मी रडलो. भानुदासनं धरलं म्हणून पडलो नाही. पुढचं मला नीट आठवत नाही.

कार्डं वाटली. कार्यक्रम व्यवस्थित झाला.

कॉम्प्युटर त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही. नदीम म्हणतो, नवीन एसएमपीएस कधी कधी बसायला वेळ घेतो. असं म्हणताना माझ्याकडे बघत नाही. भानुदास काही म्हणत नाही, हे त्याच्या दृष्टीनं फार झालं. मनीषा म्हणते फाईलमध्येच काहीतरी असणार... पण मग नवीन फाईलमध्ये पण का, हे तिला सांगता येत नाही. कुसुमला उत्तर सापडलंय, ते ती कुणाला सांगत नाही आणि मी विचारत नाही. मी आजही म्हणतो की ते मशीन होतं, बिघडलं होतं आणि नीट झालं. कसं बिघडलं आणि कसं नीट झालं, विचारू नका. मला माहीत नाही. ह्या पानावर कुणी जाणकार असेल आणि त्याला कारण सापडलं, तर जरूर कळवा. पण मीठ-मिरच्यावाल्यांनी कळवू नका.

एकच गोष्ट सांगायची राहिली. हल्ली कुणी नवीन माणूस भेटला आणि त्यानं विचारलं, मुलगी कधी गेली हो तुमची, तर माझ्या तोंडून पटकन तारीख येते ती कार्ड झालं त्या दिवसाची. दवाखान्यातली येतच नाही. कुसुम शेजारी असली की ती मला दुरुस्त करते, खरी तारीख सांगते.

मी तिला दुरुस्त करू देतो. वाद घालत नाही.